बेबीचा गुरुवार

"हिच्या ताटात मीठ वाढू नका हं. हिला बीपी आहे," बेबीच्या नवऱ्याने वाढप्याला बजावलं, आणि समोर बसलेल्या चिमणीने बेबीकडे बघून हळूच एक भुवई उडवली.

बेबीने पन्नाशी केव्हाच ओलांडली होती, तरी घरचं लाडाचं नाव सुटलं नव्हतं. चिमणी तर अंगाने चांगली दणकट. शाळेत कुणीतरी थट्टेने ठेवलेलं नाव तिने हौसेने मिरवलं होतं. बेबी चष्म्याच्या दुकानात फ्रेममध्ये काचा बसवायची, चिमणी पलीकडच्या शाळेच्या कचेरीत होती. दर गुरुवारी दुपारी दोघी कोपऱ्यावरच्या खानावळीत जेवायच्या. बेबीची सासू, दोघींची मुलं, चिमणीचा नवरा गेला ते वर्ष, सगळं त्या टेबलावर बोलून झालं होतं. बेबी एरवी घुमी. त्या तासाभरात मात्र ती गिऱ्हाइकांच्या नकला करायची, खदाखदा हसायची, घरात कधी तोंडून न निघणारं बोलून जायची आणि हलकी होऊन दुकानात परतायची.

मग नवरा निवृत्त झाला. घरात त्याला करमेना. "मीही येत जाईन गुरुवारी. तुम्हाला सोबत होईल," म्हणाला आणि येऊ लागला. माणूस लाख चांगला. कधी आवाज चढवला नाही, कसलं व्यसन नाही, बायकोची औषधं आठवणीने तोच आणायचा. अशा माणसाला नको कुठल्या तोंडाने म्हणायचं?

त्या दिवशी तो गच्चीवरची पाण्याची टाकी कशी गळते ते सांगत होता. चिमणीने ताट निम्मं तसंच सोडलं. "बेबे, हात धुवायला चल."

बेसिनपाशी तिने नळ मोठा सोडला. "मला तुझ्याशी बोलायचंय गं. एकटीशी."

"काय झालं?"

"अगं, माझी लेक..."

"तिथला टॉवेल ओला आहे बरं का!" मागून आवाज आला. नवरा आपला स्वच्छ रुमाल पुढे करून उभा होता.

संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता बेबीने धीर केला. "अहो, येत्या गुरुवारी मी एकटीच जाऊ का?"

त्याने टीव्ही बंद केला. "माझं काही चुकलं का?"

"छे हो! चुकेल कसं?"

"मग?"

"चिमणीला काहीतरी बोलायचंय."

"असं होय! मग जा की. मी काय अडवतोय?" तो हसला. पण जेवताना त्याने भात परत मागितला नाही.

गुरुवारी चिमणी आधीच येऊन बसली होती. बेबी टेकते न टेकते तोच ती म्हणाली, "लेक तिच्याकडे बोलावतेय. कायमचं. दिवस गेलेत तिला. घर विकून ये म्हणते."

"आणि तू?"

"मला काही सुचत नाहीये. तिथं मी ओळखते कुणाला? जावई तर घरात असून नसल्यासारखा. इथं माझं घर आहे, तू आहेस." चिमणीने तिचा हात धरला. "तू सांग, बेबे. तू राहा म्हणालीस तर राहीन मी. खरंच राहीन."

'राहा' हा शब्द बेबीच्या अगदी ओठांवर होता. तेवढ्यात काचेतून तिला नवरा दिसला. समोरच्या फुटपाथवर, भर उन्हात, छत्री धरून उभा होता. आपण आत बघत नाही हे कळावं म्हणून खानावळीकडे पाठ केली होती. गुडघे दुखत असावेत. सारखा पाय बदलत होता.

चिमणीनेही मान वळवून पाहिलं. "कधीपासून उभे आहेत?"

"काय माहीत. तू बोल ना. मी ऐकतेय."

पण बेबीची नजर त्या पाठीवरून हलेना. इतकी वर्षं आपल्यासाठी झिजलेला माणूस बाहेर तापत असताना आत बसून स्वतःसाठी काही मागायचं, हे तिला जमेना. मग चिमणीनेच उठून दार उघडलं.

"भावोजी! आत या हो. ऊन लागेल."

तो ओशाळत आला. "मी आपला हिला परत न्यायला आलो होतो. तुमचं चालू द्या."

तो पाणी प्यायला, आणि चिमणीने त्याला सगळं सांगून टाकलं.

"अहो, मग यात विचार कसला करायचा?" त्याला मनापासून आनंद झाला होता. "लेक बोलावते, नशीब लागतं त्याला! जाच तुम्ही. सामान बांधायला मी येतो. काय गं?"

दोघंही बेबीकडे बघू लागली. चिमणी जरा जास्तच वेळ.

"हो," बेबी म्हणाली. "जा तू."

चिमणी गेली. सामान त्याने खरोखरच बांधून दिलं, प्रत्येक खोक्याला दोनदोनदा दोरी गुंडाळून. पुढच्या गुरुवारी दुपारी तो दुकानाच्या दारात हजर होता. "तुझी सवय मोडायला नको," म्हणाला.

खानावळीत दोघं समोरासमोर बसली. त्याने टाकीचं सांगितलं, शेजाऱ्याच्या नव्या गाडीचं सांगितलं, मग त्याच्याकडचंही बोलणं सरलं.

"तू बोल ना काहीतरी," तो म्हणाला. "चिमणीशी बोलायचीस तसं. मी ऐकतो."

आणि खरंच ऐकायला बसला, चमचा खाली ठेवून, थोडा पुढे झुकून. बेबीने मनात चाचपून पाहिलं. सकाळी एक आजीबाई येऊन, चष्मा कपाळावर सरकवून तोच चष्मा दुकानभर शोधत होत्या. चिमणीला हसता हसता ठसका लागला असता. बेबीने तोंड उघडलं.

"गार होतंय," ती म्हणाली. "जेवा."