शेवटचा माणूस आणि चुन्याचं पोतं

ओंटारिओतल्या आमच्या गावाभोवतीच्या टेकड्या निकेलच्या भट्ट्यांच्या धुरानं पार काळ्या झालेल्या. त्यामुळे ऐनो लेहतिनेनला पृथ्वीचा सत्यानाश आयता मिळाला. ती प्रायोगिक सिनेमा काढत होती. प्रायोगिक म्हणजे त्यात गोष्ट नव्हती आणि मी होतो. अंतराळातून परतलेला शेवटचा माणूस टेकडी चढतो, उजाड पृथ्वी बघतो आणि मरतो. माझी निवड अभिनयावर नव्हे, अंतराळवीराच्या पांढऱ्या पोशाखाच्या मापावर झाली होती.

अडचण एकच होती. गाव सुधारत चाललं होतं. लोक सुटीच्या दिवशी जमायचे, चुना टाकून मातीतला आंबटपणा मारायचे, मग गवत पेरायचे, मग झाडं लावायचे. काळीकुट्ट अशी एकच टेकडी उरली होती, आणि ऐनोकडे फिल्मचं एकच रीळ.

"आभाळ कोसळलं तरी भूमिका सोडायची नाही," तिनं मला बजावलं.

कॅमेरा सुरू झाला. मी जड पावलांनी चढलो. माथ्यावर मरायला बरीशी सपाट जागा शोधतोय, तोच पलीकडून चुनावाल्यांची टोळी वर आली. चुना नाकातोंडात जाऊ नये म्हणून त्यांचेही अंगभर पांढरे झगे, तोंडावर मास्क. त्यांच्या मुकादम ओडेटबाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"उशीर केलास तो केलास, वर नटून आलास," त्या म्हणाल्या. "धर."

पोतं माझ्या खांद्यावर आलं. नकार द्यायचा तर बोलावं लागलं असतं, आणि माझ्या भूमिकेला संवाद नव्हते. मी निमूट चुना फेकू लागलो. ऐनो कॅमेरा तसाच सोडून धावत निघाली, पण टेकडी उंच होती. ती धापा टाकत पोचली तेव्हा रीळ संपलं होतं आणि पृथ्वी पांढरी झाली होती.

"निदान मेलास तरी का?" तिनं विचारलं.

"कंबर गेली," मी म्हणालो.

दुसरं रीळ नव्हतं, दुसरी टेकडीही नव्हती. शेवटी तिनं होतं तेच ठेवलं.

टोरांटोच्या महोत्सवात खेळ संपला. एका समीक्षकानं डोळे पुसत विचारलं, की शेवटच्या माणसाला कामाला लावणारी ती बाई म्हणजे नियतीच ना?

ऐनोनं बराच विचार केल्यासारखं केलं.

"नियतीच," ती म्हणाली. "दर शनिवारी सकाळी येते. हातमोजे आपले आपण आणायचे."