अठराव्या दिवशी सोडलेली कामटी

मी एक जुनी कामटी आहे. मित्रांनो, कामटी म्हणजे बांबू चिरून, तासून गुळगुळीत केलेली पट्टी. आहुप्याजवळच्या एका वाडीत, मोडलेली हाडं बसवणाऱ्या गेणभाऊंनी आम्हा चार बहिणींना घडवलं. मोडलेल्या पायाला चहूबाजूंनी बिलगून राहायचं, एवढंच आमचं काम. "गेणभाऊंचा हात लई हलका," असं लोक म्हणत, तेव्हा मीही मनातल्या मनात फुगून जाई.

गेल्या वर्षी कुशाबाई बांधावरून घसरली आणि तिचा घोटा मोडला. गेणभाऊंनी लेप लावून आम्हाला बांधलं नि बजावलं, "पंचेचाळीस दिस पाय टेकायचा न्हाई."

अठराव्या दिवशी कळलं, तिच्या भाताच्या आवणीची, म्हणजे रोप खाचरात लावायची, पाळी दुसऱ्याच दिवशी आहे. आवणीला सारी वाडी एकमेकांच्या खाचरात उतरते. उद्या माणसं येणार आणि रोप अजून वाफ्यातच, उपटायचं बाकी! नवरा जानकू माणसं सांगायला गेला होता. घरधनीण असून बसून राहायची तिला लाज वाटली. तिने आम्हाला सोडलं, दिवसभर चिखलात रोप उपटलं आणि सुजलेल्या पायावर आम्हाला पुन्हा बांधलं. हाड सरकलेलं मला कळत होतं. पण मला बोलता कुठं येतं? "शेजारच्या बायांनी रोप उपटलं," असं तिने जानकूला सांगितलं.

पाय वाकडा जुळला. जानकू गावभर गेणभाऊंना बोल लावत फिरला. लोक त्यांच्याकडे येईनासे झाले. त्यांनी आम्हाला आढ्यात खोचून टाकलं. तिथे धुरात बसून मी वर्षभर जळत होते.

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर जानकूने कुशाबाईला मंचरच्या दवाखान्यात नेलं. "चला, आपली करणी बघा," म्हणत त्याने गेणभाऊंनाही सोबत ओढलं. डॉक्टरांना दाखवायला आढ्यातून काढलेली मी त्यांच्या पिशवीत होते.

पायाचा एक्स-रे फोटो बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हाड तिरकं जुळलंय. तिथंच कापून, सरळ करून धातूची पट्टी बसवावी लागेल. नाहीतर सांधा झिजत जाईल. पण पुढे दोन महिने पाय टेकायचा नाही. मागच्या वेळी किती दिवस पाळलं? खरं सांगा."

कुशाबाईने एकवार गेणभाऊंकडे पाहिलं. माझा जीव टांगणीला लागला.

"अठरा," ती म्हणाली. "मीच सोडल्या व्हत्या कामट्या. रोप उपटायला. गेणभाऊंचा दोष न्हाई."

जानकूची मान खाली गेली. गेणभाऊंचे डोळे भरून आले. "बाई, वरीसभर बोलली का न्हाईस?" मग हळूच म्हणाले, "पर फोटो काढाया मीबी धाडलं न्हाई. चुकलंच माझं."

मित्रांनो, मोडलेला पाय आमच्या भरवशावर सोडू नका. आम्ही फक्त दवाखान्यापर्यंतच्या सोबतिणी. आणि चूक झाली तर ती दुसऱ्याच्या माथी मारून गप्प बसू नका.

ऑपरेशन होऊन आज तेविसावा दिवस. घोटा पुन्हा नीट वळेल का, कुणालाच ठाऊक नाही. कुशाबाई ओट्यावर बसली आहे, पाय प्लास्टरमध्ये. शेजारी गेणभाऊ आहेत, मी त्यांच्या मांडीवर. आज पुन्हा तिचीच आवणी आहे. खालच्या खाचरातून हाक येते, "कुशाबाई, रोप कुठाय गं?"

तिचा पाय हलतो.

ती ओट्याची कड दोन्ही हातांनी घट्ट धरते आणि साऱ्या वाडीला ऐकू जाईल अशी ओरडते, "वाफ्यातच हाय! तुमीच उपटा! मला जमायचं न्हाई!"