तळव्यावरच्या जोडरेघा

"ताई, तुमचं हे मशीन पायाचा वास पण मोजतं का?"

सायलीनं विचारलं आणि शाळेच्या हॉलमध्ये रांगेत बसलेल्या कबड्डीच्या अकराच्या अकरा पोरी फिसकन हसल्या. पैज युसराची होती. "तेरे में दम है तो पूछ," असं ती सकाळपासून टोचत होती. सहा महिन्यांपूर्वी हजेरीही सायली पुटपुटत द्यायची. पण चढाईवर दोन सामने काढून दिले आणि तिच्या जिभेला धार आली.

पायांची मापं घ्यायला आलेल्या मंजुषाताईही हसल्या. "वास नाही गं मोजत. एवढंच काय ते सुटतं याच्या तावडीतून."

दाराशी उभे असलेले त्यांचे प्रशिक्षक आकाश सर हसले नाहीत. त्यांनी नुसतं मनगट फिरवलं. पोरींनी पाय पोटाशी ओढून घेतले.

ते मनगट पोरींना पाठ होतं. परवा खुलताबादच्या संघाशी सराव सामना हरल्यावर सरांनी हॉलचं दार आतून लावलं, सगळ्यांना मॅटवर पालथं पाडलं, "पाय वर!" म्हणाले आणि पिशवीतून हिरवा पाईप काढला. मारायचं ते तळव्यावरच. गालावर वळ दिसला तर आई विचारते. तळवा कोण बघतं? प्रत्येकीला सहा. चौथ्या फटक्याला युसरानं पाय आखडला, तर तिच्या पाठीत गुडघा रोवून त्यांनी पुन्हा एकपासून मोजायला घेतलं. युसरानं मॅट दातांत धरली. उठली तेव्हा मॅटवर तिच्या ओठाचं रक्त होतं.

घरी कुणीच बोललं नव्हतं. राज्य स्पर्धेचा संघ सोमवारी ठरणार होता आणि यादी सरांच्या हातात. पोरी लंगडतात कशानं, असं पालकांनी विचारलं तेव्हा सरांनी दिलं ठोकून, "तळवे सपाट आहेत त्यांचे." झालं! मोठ्या बाईंनी लगेच बुटांत घालायचे इनसोल बनवून घ्यायचं ठरवलं आणि मशीन बोलावलं. आपल्याच थापेला सर नाही कसं म्हणणार? मापं घेतील, जातील, असं त्यांना वाटलं असावं.

पहिला नंबर युसराचा. ती काचेवर उभी राहिली. काचेखालून लाल रेघ टाचेकडून बोटांकडे सरकू लागली.

"भाजतं का?" सायलीनं विचारलं.

"उजेडच आहे तो. ही रेघ सपाट जागी सरळ पडते, उंचवट्यावर वाकते. कॅमेरा ते वाकणं टिपतो. तेवढ्यावरून कॉम्प्युटर हजारो ठिपक्यांची उंची काढतो आणि पाय जसाच्या तसा उभा करतो. साखरेच्या पेशंटचा बूट असो की खेळाडूचा, आधी हे."

पडद्यावर युसराचा पाय निळाहिरवा उगवला. ताई म्हणाल्या, "कमान तर झकास आहे. सपाट कोण म्हणालं?" आणि त्यांचं बोट थांबलं. काचेला न टेकणाऱ्या कमानीवर बारीक उंचवटे उठले होते. आडवे. दोन-दोन रेघा, जोडीजोडीनं.

ताईंनी जोडीतलं अंतर मोजलं. पंधरा मिलिमीटर. रांगेतल्या पुढच्या आमरीनला उभं केलं. पंधरा. सायलीला. पंधरा.

"पडून असं होत नाही," ताई हळूच म्हणाल्या. "गोल वस्तूचा फटका बसला की तिच्या दोन्ही कडांना रेघ उठते. बोटाएवढी जाड वस्तू. तीच, तिघींना. कुणी मारलं तुम्हाला?"

"बंद करा ते!" सर तीन ढांगांत आले. त्यांनी ताईंना कोपरानं ढकललं, मशीनशेजारी उभ्या युसराची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिला खाली खेचलं. तिचं कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. "काय सांगितलंस, बोल!" एक थोबाडीत. दुसरी. तिसरीला युसराच्या नाकातून रक्त उडालं आणि काचेवर सांडलं. लाल रेघ त्यातूनही सरकत राहिली.

आमरीन किंचाळली. सरांनी चौथ्यांदा हात उगारला आणि सायलीनं सूर मारला. सरांचाच घोटा दोन्ही हातांत आवळला, छातीशी ओढला, सगळं अंग मागं टाकलं. नव्वद किलोचा माणूस तोंडावर आदळला. खाडकन दात वाजले. त्यांनी मोकळ्या पायानं तिच्या खांद्यात लाथ घातली. तिनं सोडलं नाही. दुसरी लाथ कानावर बसली, डोक्यात सूं झालं. तरी सोडलं नाही. मग उरलेल्या पोरी धावल्या, कुणी कंबर धरली, कुणी मान, आणि मोठ्या बाई धापा टाकत येईपर्यंत सर मॅटवर दबलेले होते.

"सोमवारनंतर बघू," म्हणत मोठ्या बाईंनी सगळ्यांना घरी धाडलं. संध्याकाळी चिकलठाण्यातल्या घरी सायली पोचली तेव्हा सरांचा फोन तिच्याआधी पोचला होता.

"मास्तरला पाडलंस म्हणं? दात तुटलाय त्यांचा!" पप्पा कंपनीच्या कपड्यांतच उभे होते. "आधी माफी माग, म्हंजी नाव ठेवतो म्हणले यादीत."

"मारल्याबिगर कोण शिकलंय व्हय?" मम्मी कणीक मळता मळता म्हणाली. "आमी बी लई खाल्लाय मार."

सायली खाली बसली, मोजे काढले आणि दोन्ही तळवे मम्मीसमोर धरले. मम्मीचे हात परातीतच राहिले.

"कोणी... त्यानं?"

"सगळ्यांना. महिन्यातनं दोनदा तरी."

पप्पा भिंतीकडे बघत बोलले, "तुझं बी खरं हाय, पोरी. पर राज्याला जायचं म्हंजी आयुष्याचा सवाल हाय. माग ना माफी. मग बघू."

सायलीचा कान अजून ठणकत होता. ती उठून उभी राहिली, सुजलेल्या दोन्ही पायांवर सारखा भार देऊन.

"माफी नाय मागणार, पप्पा. उद्या दहाला मी पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला चाललेय. मंजुषाताई आमच्या तिघींची मापं घेऊन येतायत, युसरा तिच्या अम्मीला आणतेय. तुमच्यापैकी कोण येतंय ते तुमी ठरवा. यादीत नाव नसलं तरी मी जाणार."