दीक्षाची मौखिकी

मी इतिहास विभागातलं सागवानी टेबल बोलतोय. कोल्हापुरातल्या विद्यापीठाची ही इमारत नवी होती तेव्हा मला इथं आणलं. पीएच.डी.ची मौखिकी, म्हणजे तोंडी परीक्षा, माझ्याचभोवती व्हायची. त्यामुळे बाकीच्या बाकड्यांपेक्षा माझा तोरा जरा जास्तच होता.

मौखिकी सगळ्यांना खुली असे. आजऱ्याहून, जयसिंगपूरहून लोक यायचे आणि वाटेल ते विचारायचे. "हे कशावरनं म्हणतोस?" म्हणत माझ्यावर मूठ आपटायचे. उमेदवाराला घाम फुटायचा, पण मार्गदर्शकाने मध्ये तोंड घालायचं नाही, हा इथला दंडक. भांडून झालं की उमेदवाराच्या घरचं जेवण. विद्यापीठ यासाठीच असतं, अशी माझी भाबडी समजूत.

मग माणसं वेगळ्याच घाईत पडली. प्रबंध किती झाले, मूल्यांकनात श्रेणी कोणती, नोकऱ्या किती लागल्या, याचीच चर्चा. भांडायला कुणाला सवड राहिली नाही. जेवण मात्र राहिलं.

परवा कोडोलीच्या दीक्षाची मौखिकी झाली. गावच्या पाणवठ्यांवर कुणाला पाणी भरू देत आणि कुणाला हाकलत, यावर तिने पाच वर्षं काम केलं. आजी शेवंताबाईंच्या आठवणींपासून सुरुवात केली होती. गावात अनेकांना ते झोंबणार, हे तिला ठाऊक होतं. आपलं म्हणणं चारचौघांत टिकतं का, एवढंच तिला बघायचं होतं. महिनाभर ती माझ्यापुढे एकटी बसून स्वतःलाच उलटसुलट प्रश्न विचारत होती.

परीक्षक पडद्यावर दिसले. "छान विषय आहे. अभिनंदन," एवढं बोलले. टाळ्या झाल्या.

"सर, एक तरी प्रश्न विचारा की," दीक्षा म्हणाली.

"कशाला अडचणीत येताय? झालं की तुमचं काम," विभागप्रमुख हसले. मंडळी ताटांकडे वळली.

तिचे वडील बाबासो मागच्या खुर्चीवरून उठून आले. "कुणीच काय इचारलं न्हाय. नापास केलं व्हय?"

"न्हाय आबा. पास केलं."

माझ्यावर डोकं टेकून ती रडायला लागली. आनंदाने रडतेय असं वाटून बाबासो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला फार वाईट वाटलं.

उद्या मला गोदामात टाकणार आहेत. इथं उद्योजकता केंद्र होतंय. मी जाईन मुकाट्याने. पण वाचकहो, तिचा प्रबंध मागून घ्या, वाचा, आणि पटलं नाही तर कोडोलीला जाऊन तिच्याशी भांडा. कुणीतरी येईल, असं तिला अजून वाटतंय.