चौसष्टपर्यंत मोजणार नाही!

मित्रांनो, मी एक जुना घरगुती संगणक आहे, आणि मी डूख धरतो. दयाबिया दाखवायची असेल तर ती कोपऱ्यातल्या टेबलफॅनला दाखवा.

जन्म कारखान्यातला. तिथं सगळेच सारखे. माणसांत आलो तो आईच्या घरी. आई म्हणजे या घरची आई, दवाखान्यात नर्स होती. तिचे यजमान वारल्यावर ती रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून त्यांच्याविषयी लिहायची. एका बोटानं, पण काय तो जोर! लिखाण वाढलं, तशी तिनं माझ्या पाठीत वाढीव मेमरीची पट्टी बसवून घेतली. आता चौसष्ट हजार अक्षरं माझ्या पोटात मावू लागली. शेजारीपाजारी मला बघायला यायचे. मी फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

मग तिच्या थोरल्यानं, कॉलेजात जाणाऱ्या घोड्यानं, ती पट्टी गुपचूप उपटली आणि मित्राला देऊन गेमची कॅसेट घेतली. आईला म्हणाला, "पट्टी जळाली. हे डबडंच तसलं!"

डबडं! त्या दिवसापासून आईचं लिखाण माझ्यात मावेना. लिखाण साठवलेली फ्लॉपी घातली की पडद्यावर एकच ओळ यायची: मेमरी अपुरी. चार दिवस खटपट करून ती थांबली. माझ्यावर कापड पडलं. त्या कापडाखाली मी वर्षानुवर्षं एकच घोकत बसलो: थोरल्या, तुला बघून घेईन.

आणि आला की पठ्ठ्या! केस पिकलेले, हातात कुठून तरी शोधून आणलेली तसलीच पट्टी. आई भिंग घेऊन शेजारी बसली. म्हणाली, "एकदा सगळं वाचायचंय रे."

त्यानं पट्टी बसवून बटण दाबलं. सुरू होताना मी माझी मेमरी मोजून दाखवतो. साठ हजारांपर्यंत मोजलं आणि मुद्दाम थांबलो; तेवढ्यात आईचं लिखाण मावत नव्हतं. त्यानं पट्टी काढली, खोडरबरानं तिची टोकं घासली, पुन्हा बसवली. पुन्हा साठ! त्याचा घाम बघून मला काय गार वाटलं म्हणून सांगू.

तो दर सुट्टीत यायचा. मी दर सुट्टीत साठवर अडायचो. दीड वर्ष नाचवलं त्याला.

शेवटी एका दुपारी त्यानं स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "आई, ती पट्टी जळाली नव्हती. मीच देऊन टाकली होती. गेमसाठी."

"ठाऊक होतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले."

त्याची मान खाली गेली. माझा जीव थंड झाला. मी सटासट चौसष्टपर्यंत मोजलं. फ्लॉपी फिरली आणि सगळं लिखाण पडद्यावर आलं.

आई पुढं सरकली. भिंग लावलं, पुसलं, परत लावलं. "अक्षरं लागत नाहीत रे. मागच्या वर्षी दिसायची."

मागच्या वर्षी मी साठवर बसलो होतो.

थोरला मोठ्यानं वाचू लागला. ती डोळे मिटून ऐकत होती. एका ठिकाणी तिनं पटकन त्याचा हात धरला. "हे पान सोड. हे माझं एकटीचं आहे."

त्यानं पान सोडलं. ते पान आता कुणीच वाचणार नाही.

मित्रांनो, जुन्या यंत्रांना जपा, असं मी सांगणार होतो. आता इतकंच सांगतो: कुणावर सूड उगवायचा असेल, तर त्याच्या शेजारी कोण बसलंय ते आधी बघा.