स्वयंपाकघराची शांतता

माझी नात रुचिका ठाण्याच्या महाविद्यालयात मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला होती, तेव्हा मी तिला एक शर्त घातली. परीक्षेच्या आत त्या क्षेत्रात काम मिळाले, तर तिने खुशाल जावे. न मिळाल्यास आमच्या गोदामांच्या कार्यालयात बसून भाडेकरूंचे व्यवहार पाहावेत. तिचा बाप, म्हणजे माझा थोरला मुलगा दौलत, तेव्हा हजर होता. मुलीने हो म्हटले. आमच्या घरात शब्द एकदाच दिला जातो.

तिच्या शिक्षणाला माझा विरोध नव्हता. उलट भिवंडीच्या आमच्या कामतघर गावातल्या प्रत्येक हळदीला मी सांगत असे की आमची रुचिका टीव्हीवर दिसणार. पुढे कळले की ती दिसणार नाही. तिने आवाजाचे काम निवडले होते.

"म्हणजे तू गाणार?" मी विचारले.

"न्हाय गो आजी. बाकीचे बोलतील, ते मी नीट टिपून घ्यायचं."

"लोकांचं बोलणं ऐकाया ठाण्याला कशाला जावं लागतं? नळावर जा."

दौलत हसला. ती हसली नाही. त्यावरून मला कळले की पोरीने हे काम मनावर घेतले आहे.

शेवटच्या वर्षाला त्यांना गट करून एक छोटा चित्रपट बनवायचा होता. रुचिकाच्या गटाचा चित्रपट दोन बहिणींचा होता. थोरलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी दोघी स्वयंपाकघरात बसून बोलतात, एवढाच. दिग्दर्शन तिच्या मैत्रिणीचे, करिष्माचे. स्वयंपाकघर आमचे. सगळे चित्रपट पाहायला अंधेरीच्या एका स्टुडिओतले गृहस्थ येणार होते आणि ध्वनिविभागासाठी एकाच विद्यार्थ्याला निवडणार होते. म्हणजे माझी शर्त या एका चित्रपटावर येऊन ठेपली होती.

चित्रण शुक्रवारी झाले, कारण शुक्रवारी भिवंडीतले कापड विणायचे लूम बंद असतात. बाकीचे सहा दिवस आमच्या स्वयंपाकघरात तांब्यातले पाणीसुद्धा थरथरते. त्याचे कारण आमच्या भिंतीला लागून असलेला केसरीनाथचा लूमचा कारखाना. केसरीनाथ माझ्या मालकांचा चुलतभाऊ. त्याने शेड बांधली, तेव्हा मी निरोप धाडला होता की लूम पलीकडच्या अंगाला बसव, अलीकडे आमची चूल आहे. त्याने अलीकडेच बसवले. विचारायलासुद्धा आला नाही. त्या दिवसापासून मी त्याचा उंबरा चढले नव्हते. लग्नकार्यात समोरासमोर आलो तरी आम्ही एकमेकांशी बोलत नसू.

चित्रण संपले आणि मग रुचिकाची एक चूक उघडी पडली. तिच्या सरांनी चित्रपट ऐकला आणि म्हणाले, दोघींच्या बोलण्याच्या मध्ये भोके पडली आहेत. त्या जागी त्या खोलीचीच शांतता भरावी लागते. म्हणून चित्रण आटोपल्यावर सगळ्यांनी जागेवर गप्प राहायचे आणि त्या खोलीचा मिनिटभराचा आवाज वेगळा टिपून ठेवायचा, असा त्यांच्या कामातला रिवाज आहे. जेवणे निघाली त्या गडबडीत रुचिका ते विसरली होती.

"दुसऱ्या खोलीची घे. आपल्या घरात खोल्या काय कमी आहेत?" मी म्हटले.

"तसं चालत न्हाय आजी. प्रत्येक खोलीची शांतता येगळी असते."

मला ते पटले नाही, पण तिचे तोंड पाहून मी पुढे बोलले नाही. चित्रपट सोमवारी द्यायचा होता. यंत्र महाविद्यालयाचे, ते शनिवारी संध्याकाळी परत करायचे होते. पुढच्या शुक्रवारची वाट पाहणे शक्य नव्हते. राहता राहिले लोडशेडिंग. शनिवारी दुपारी आमच्या भागाची वीज जाणार होती. ज्या लोडशेडिंगला सारी भिवंडी शिव्या घालत होती, त्याची आमच्या घरात देवासारखी वाट पाहिली गेली.

वीज गेली. लूम थांबले. रुचिकाने कानांवर हेडफोन चढवले, माईक चुलीसमोर धरला. सुना, लेकरे, दौलत, सगळे जागच्या जागी बसले. कोंबड्या मी आधीच लांब कोंडायला लावल्या होत्या. रुचिकाने हात वर केला. मोठी सून डोळे मिटून बसली, जशी पोथी ऐकायला बसते.

एवढ्यात मागच्या दाराशी गोदूबाई कोळीण आली. तिने पाटी उतरवली आणि हाळी द्यायला तोंड उघडले. तिने ओरडू नये म्हणून मी आतून आवाज दिला.

"गोदू, गप! आत रेकॉर्डिंग चाललंय! एक शब्द काढू नकोस!"

गोदूबाईने शब्द काढला नाही. ती तोंडावर पदर धरून उभी राहिली. रुचिकाने हेडफोन काढून माझ्याकडे पाहिले. चूक माझी होती असे मी आजही म्हणत नाही. पण आवाज माझाच होता.

"परत कर," मी म्हटले. "वीज चारपर्यंत येत न्हाय."

तिने परत हात वर केला आणि वीज आली. ठरल्या वेळेआधी वीज आल्याचे त्या वर्षात कोणाला आठवत नव्हते. आळीतली पोरे ओरडली. भिंतीपलीकडून कोणी कामगार "आ गई, आ गई!" म्हणाला आणि लूम सुरू झाले.

रुचिका यंत्राची वायर गुंडाळू लागली. गुंडाळताना मान वर न करता तिने विचारले, "आजी, तू मुद्दाम केलंस का?"

दौलत म्हणाला, "ए, आजीशी असं बोलतात?"

"तिला बोलू दे," मी म्हटले.

"मी कार्यालयात बसावं म्हणून?" ती म्हणाली.

मी शर्त घालते ती तोंडावर घालते. पाठीमागून कोणाचा पाय ओढणे माझ्या माहेरी नव्हते, सासरीही नाही. पण हे बोलून काय सिद्ध होणार होते? मी चपला घातल्या.

"वायर सोड," मी तिला सांगितले. "माईक धरून बस. लूम थांबले की सुरू कर."

केसरीनाथ शेडच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसला होता. मला पाहून तो उठला. मी उंबरा ओलांडून आत गेले. लूमच्या खडखडाटात बोलणे अशक्य होते, म्हणून मला त्याच्या कानाशी वाकून मोठ्याने सांगावे लागले. आयुष्यात कोणाकडे काही मागितले असेल, तर ते असे ओरडून.

"लूम जरा थांबव! रुचिकाच्या परीक्षेचं काम हाय! मी मागतेय, दौलत न्हाय!"

"किती वेळ?"

"एक मिनिट! तिला शांतता टिपायची हाय!"

तो हसू लागला. "वहिनी, शांतता? आणि तुम्ही घरात असताना?"

"म्हणूनच मी इथं आले."

त्याला ते आवडले असावे. त्याने कामगारांना हात केला. एक जण कुरकुरला, "सेठ, अभी तो चालू किया." केसरीनाथने त्याच्याकडे नुसते पाहिले. एकेक लूम थांबत गेला. त्याने आपली खुर्ची मला दिली आणि स्वतः सुताच्या पेटीवर बसला.

"तुम्ही इथंच बसा," तो म्हणाला. "तिथं गेलात की बोलाल."

मी बसले. शेडमध्ये कापसाची भुकटी हवेत तरंगत होती. मिनिट झाले असेल, दोन झाली असतील. कोणी हलले नाही. झाले का, हे मला विचारायचे नव्हते, त्याला विचारवेना. इतकी वर्षे न बोलण्याची आम्हा दोघांना चांगलीच सवय होती. कामगारांनी तंबाखू मळली, खाल्लीसुद्धा.

शेवटी रुचिका दारात आली. हेडफोन गळ्यात होते.

"आजी, झालं. कधीच झालं. नीट आलंय."

केसरीनाथ पेटीवरून उठला. लूमकडे गेला, थांबला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "मग, वहिनी, करू का चालू?"

हा प्रश्न त्याने शेड बांधताना विचारायचा होता. मी पदर सावरला, उठले आणि म्हणाले, "कर."

अंधेरीच्या गृहस्थांनी रुचिकाला निवडले. जूनपासून ती जाऊ लागली. शर्त मी घातली होती, ती मी पाळली. तिच्या पहिल्या दिवसाचा डबा मी स्वतः भरला. गोदामांचे काम दौलतच पाहतो. त्या वर्षी एका हळदीला बायकांनी पुन्हा विचारले, "पुतळाबाई, नात टीव्हीवर कधी दिसणार?"

"दिसणार न्हाय," मी सांगितले. "आता जरा गप बसा, धवल्याचं गाणं सुरू होतंय."