पैशांआधी दिलेली पावती

माझा थोरला, कुबानिच, अंगावर आलं की चहा पितो. वाटीमागून वाटी, मान खाली. त्या दिवशीही तेच करत बसला होता, आणि मी त्याच्या बायकोची अब्रू काढत होते.

नारिनमध्ये आम्ही शिरदाक करतो, लोकर दाबून केलेल्या नमद्याचे गालिचे. कागद सून सांभाळायची, मीर्गुल. हातानं लिहिलेलं मला वाचता येत नाही, म्हणून तिनं तीन रंगांच्या दोऱ्यांनी गठ्ठे बांधलेले. मला अपा, म्हणजे आई, म्हणत समजावायची, "अपा, हे बिल, म्हणजे आपण पैसे मागतोय. ही पोचचिठ्ठी, माल पोचल्याची. आणि पावती द्यायची ती पैसे हातात पडल्यावरच." मी म्हणायचे, "मास्तरीणबाई, आधी पीठ मळा." ती हसायची.

बिश्केकचा एक व्यापारी सात शिरदाक घेऊन गेला. दोन महिने पैशांचा पत्ता नाही. फोन केला तर म्हणतो, "पैसे कधीच चुकते केले, पावती आहे माझ्याकडे. तुमच्याकडे कागद जी ठेवते, तिला विचारा."

मी विचारलं. विचारलं कसलं, शेजारणींसमोर चोर म्हटलं. ती एवढंच म्हणाली, "अपा, पैसे आल्याशिवाय मी पावती लिहीत नाही." मग नवऱ्याकडे बघत राहिली. तो चहा पीत होता. तिनं बोचकं बांधलं आणि कोचकोरला माहेरी गेली.

मी बिश्केक गाठलं. व्यापाऱ्याच्या दुकानातल्या मुलीनं पावती वाचून दाखवली. तारीख मी तिला पुन्हा वाचायला लावली. माल नेला तोच दिवस. त्या दिवशी मीर्गुल घरात नव्हतीच, बाप जाऊन चाळीस दिवस झाले म्हणून चाळिसाव्याच्या विधीला गेली होती. खाली सही कुबानिचची.

घरी येऊन त्याला धरलं. म्हणाला, "आपल्या घरी जेवणाच्या दस्तरखानाभोवती बसून नान खाल्लेला माणूस, अपा. म्हणाला, पावती बघितल्याशिवाय हिशेबनीस पैसे सोडत नाही. त्याला नाही कसं म्हणायचं?"

"आणि ती चोर ठरत होती तेव्हा?"

त्यानं चहाची वाटी पुढे ओढली.

कोचकोरला फोन लावला. तिच्या आईनं उचलला. "मीर्गुल म्हणते, अपांना म्हणावं तब्येतीला जपा. ती आता यायची नाही."

फोन ठेवला आणि त्याच्यासमोर बसले.

"परक्यानं घटकाभर आपलं नान खाल्लं, तर त्याला नाही म्हणायची तुला लाज वाटली. अकरा वर्षं तुला नान भाजून घालणारीसाठी तुझं तोंड उघडलं नाही. माझ्या जिभेचं पाप माझं, तिच्या दारात जाऊन मी माफी मागेन. पण परत ये असं तिला म्हणणार नाही. तू तिच्या लायकीचा नाहीस, कुबानिच."